आजोबांच्या तोंडचं नाव

“आणि तुझं नाव काय?” शाळेतल्या बाईंनी विचारलं, आणि पोरीनं हात मागे बांधून, मान ताठ करून ते सांगितलं. “पुन्हा सांग बघू,” बाई म्हणाल्या. तिनं पुन्हा सांगितलं, अगदी तसंच. बाईंनी समोरच्या अर्जाकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग तिच्या आईबापाकडे. आणि मागे भिंतीशी, मुलांच्या चिमुकल्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या आजोबांनी मान खाली घातली. कारण पोरीनं तिच्या हिशेबानं काहीच चुकवलं नव्हतं. आजोबा घेतात तसंच तिनं ते नाव घेतलं होतं. सुरुवातीचं जोडाक्षर अर्धं गिळून, मधल्या ‘र’चा मऊ ‘ल’ करून, आणि शेवटी एक जास्तीचा श्वास सोडून, जिना चढून आलेला माणूस सोडतो तसा. पाच वर्षांच्या, धडधाकट, दिवसभर घरात उंडारणाऱ्या पोरीला तो श्वास कुठून येणार? तो आजोबांचा होता. लुळी पडलेली जीभ शेवटच्या अक्षरापर्यंत कशीबशी ओढत नेल्यावर त्यांच्या छातीतून जो सुटायचा, तो. पोरीनं तोसुद्धा नावाचाच भाग समजून पाठ केला होता, आणि आता तो शाळेतल्या बाईंसमोर इमानेइतबारे सादर केला होता.

बाई भल्या होत्या. “घाबरण्यासारखं काही नाही,” त्या म्हणाल्या, “पण शाळा सुरू व्हायला तीन महिने आहेत, तोवर एकदा वाचा तपासून घ्या. स्वतःचं नाव सांगताना वर्ग हसला ना, की मूल पुढे तोंडच उघडत नाही. पाहिलंय मी.” परतीच्या वाटेवर आजोबांच्या मुलानं गाडी चालवता चालवता पोरीची उलटतपासणी घेतली. ट्रक म्हण. ट्रक. प्रकाश म्हण. प्रकाश. पोरीला मजा वाटायला लागली, तिनं आपणहून “अंतर्गोल आरसा” म्हणून दाखवलं, बापाला जमलं नसतं इतकं साफ. “मग नावालाच काय होतं हिला?” मुलगा म्हणाला. सूनबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि त्या आपल्याकडे मुद्दाम बघत नाहीयेत हे मागच्या सीटवर आजोबांना पक्कं कळलं. दोघांनाही समजलं होतं तर. न समजायला काय झालं, खाण तशी माती. कुणी तोंडावर म्हणालं असतं की बाबा, ही तुमची करणी, तर निदान मान हलवता आली असती. पोर मात्र त्यांचा उजवा हात, जो स्वतः काही धरत नाही, तो आपल्या मांडीवर ठेवून त्याची बोटं एकेक उघडत बंद करत होती.

ते नाव आजोबांनीच शोधलं होतं. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस. मास्तर नव्हे, मास्तरांच्या आधी येऊन काचेची नळकांडी धुणारा, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा, आणि तास संपल्यावर फुटलेलं गोळा करणारा. पोरं त्यांना लॅबकाका म्हणत. त्या एकतीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: वर्गात एका नावाची हाक मारावी आणि चार माना वळाव्यात. ज्या बाटलीवर नेमकी चिठ्ठी नाही ती सरळ ओतून द्यायची, हा त्यांचा नियम. मग माणसाच्या पोरीला चौघींत वाटलेलं नाव कसं चालावं? नात झाली तेव्हा तीन आठवडे त्यांनी वाचनालयातला जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन काढले. सापडलं ते नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. अर्थ सुरेख, लिहायला देखणं, आणि म्हणायला म्हणाल तर दोन जोडाक्षरं आणि मध्ये एक ‘र’, पायरी चुकलेल्या जिन्यासारखा. बायको तेव्हा होती. ती म्हणाली, “अहो, हे नाव आहे की खोकल्याचं औषध? नाव ठेवा म्हटलं तर लोकांनी नावं ठेवावीत असलं शोधून आणलंत. हाक मारेपर्यंत पोर जिना उतरून गेलेली असेल.” आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून उत्तर दिलं होतं, “जीभ वळवली की वळते. आळस असतो तो.” हे वाक्य त्यांनी नंतर किती वेळा गिळून टाकायचा प्रयत्न केला, पण बोललेलं परत पोटात जात नाही. सूनबाईंनी बाळंतिणीच्या खाटेवर कागदावर लिहून नाव घोकलं, नोंदणीच्या अर्जात मुलानं ते दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं, आणि दोन महिन्यांत घरानं हात टेकले. पोर एका जागी राहीना म्हणून ती झाली भिंगरी. बायकोही भिंगरी म्हणतच गेली, पोर पुरती वर्षाची व्हायच्या आत. पूर्ण नाव घेणारे उरले एकटे आजोबा. ते पाळण्याशी उभे राहून नाव घेत, एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, आणि पोर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे. दीड वर्ष तसं बघत राहिली होती ती. त्यातलं तिला आता काही म्हणता काही आठवत नाही, आणि आठवावं असा हट्ट तरी कुणापाशी धरायचा?

अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांच्यापुढे बुटांचं खोकं होतं. निवृत्तीनंतर ते मुलांसाठी विज्ञानाची खोकी करायचे, गल्लीतल्या वाचनालयात ठेवायला. पोरं पुस्तकासारखी घरी न्यायची आणि आठवड्यानं परत आणायची. एका खोक्यात दोन भिंगं, एक चुंबक, औषधाच्या बाटलीत लोखंडाचा कीस, टॉर्चचा बल्ब, तारेचे तुकडे. दुसऱ्यात सलाइनच्या नळीनं जोडलेल्या दोन सिरिंजा, एक दाबली की दुसरी उठते. प्रत्येकात हातानं लिहिलेलं कार्ड: काय घ्यायचं, काय करायचं, काय दिसलं. का दिसलं ते मात्र ते कधी लिहीत नसत. उत्तर दिलं की प्रयोग मेला, म्हणायचे. त्या दिवशी दोन आरसे समोरासमोर चिकटवताना उजव्या हातातला डिंकाचा ब्रश गळाला, आणि सुनेला हाक मारायला तोंड उघडलं तर तोंडातून जे आलं ते त्यांचं त्यांनाच ओळखू आलं नाही. दवाखान्यातून घरी आले ते अर्धे. डोक्यात सगळे शब्द आपापल्या फडताळात, चिठ्ठ्यांसकट, जागच्या जागी. फक्त फडताळाच्या दाराला कडी आतून. बाहेर यायचं ते हो, नको, आणि कधीमधी आ.

थेरपीवाल्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “सगळ्यात आधी कुठला शब्द हवाय तुम्हाला? बहुतेक जण पाणी म्हणतात, किंवा घरच्या कुणाचं नाव.” आजोबांनी डाव्या हातानं पाटीवर, कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, नातीचं नाव लिहिलं. बाईंनी ते वाचताना स्वतःच एकदा अडखळून घेतलं. मग म्हणाल्या, “हे तर धडधाकट माणसालाही जड आहे हो. सोपं काहीतरी घेऊ. लाडाचं नाव नाही का हिचं?” आजोबांनी पाटीवर तेच नाव बोटानं दोनदा ठोकलं. जित्याची खोड. मग आठ महिने चालला तो प्रकार. आरशात बघून जीभ दातांमागे टेकवायची, ती तिथवर पोचायची नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, योग्य अक्षराला ती हलली पाहिजे, ती ढिम्म हलायची नाही. गालावरून लाळ यायची, ती पुसायची, पुन्हा. प्रयोगशाळेचा माणूस, त्यांना यात निदान पद्धत तरी दिसायची: हवा इथून, जीभ तिथे, आवाज मग. आठ महिन्यांनी जे जमलं ते असं होतं: पहिलं जोडाक्षर अर्धं, ‘र’चा ‘ल’, शेवटी श्वास. बाई म्हणाल्या, “याच्यापुढे जाईल असं मी खोटं सांगणार नाही. पण एवढं झालं हेच पुष्कळ. आता हे रोज म्हणत राहा. जी वाट तुडवत नाही ती बुजते.” त्या संध्याकाळी आजोबांनी दुसऱ्या खोलीत खेळणाऱ्या सव्वादोन वर्षांच्या पोरीला त्या नावानं हाक मारली. ती आली. दारात उभी राहून तिनं बघितलं, आणि आली. तेव्हा त्यांना जे रडू आलं ते बायको गेली तेव्हाही आलं नव्हतं.

तेव्हापासून पोर हाच त्यांचा उजवा हात. आईबाप कामावर, दुपारी ती बालवाडीतून आली की दोघं खोक्यांना बसत. ती धरायची, ते डाव्या हातानं कापायचे; ते तोंडानं “चु” म्हणायचे आणि ती चुंबक काढून द्यायची, वर “चुंबक म्हण आजोबा, नुसतं चु काय” असं दटावायची. बाकीच्या शब्दांसाठी तिला आई होती, बाप होता, बालवाडी होती. ते शब्द ती आजोबांकडून अर्धे ऐकायची आणि इतरांकडून पुरे. फक्त तिचं स्वतःचं नाव असं होतं की ते या जगात एकच माणूस उच्चारत होता. बालवाडीतसुद्धा सगळे भिंगरीच म्हणत. एकदा त्यांनी आवाज दाखवणारा डबा केला होता. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा, एका तोंडावर ताणून बसवलेला फुग्याचा रबर, त्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा, आणि त्यावर टॉर्चचा झोत. डब्यात बोललं की समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका नाचतो. आजोबांनी डब्यात तिचं नाव घेतलं, ठिपका एक वेडीवाकडी रेघोटी काढून थांबला. मग पोरीनं घेतलं, आणि ठिपक्यानं तशीच रेघोटी काढली. ती खिदळली, “सेम टू सेम.” आजोबाही हसले होते, वाकड्या तोंडानं, पोटभर. एकतीस वर्षं पोरांना निरीक्षणं लिहिताना पाहिलेला माणूस, डोळ्यांसमोर भिंतीवर निरीक्षण नाचत होतं, आणि त्याला ते दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. त्याला ते गोड वाटलं. आता हे आठवलं की त्यांना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटे.

पोरीला वाचा तपासायला नेलं ते त्याच थेरपीवाल्या बाईंकडे. गावभर शोधत फिरायची कुणाला हौस. आजोबांनाही नेलं, घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून. बाईंनी पोरीला चित्रं दाखवली, गाणं म्हणायला लावलं, मेणबत्तीच्या ज्योतीवर फुंकर घालायला लावली. सगळं ठणठणीत. मग नाव विचारलं. पोरीनं सांगितलं, श्वासासकट. बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. आठ महिने, अक्षर अक्षर करून, त्यांनीच तर ते बांधलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही. कागदावरचं पेन उचलून टेबलावर ठेवलं, टोपण शोधून लावलं, आणि मग मुलाकडे बघत म्हणाल्या, “हिला दोष काही नाही. हिनं ते नाव असंच ऐकलंय. आजपासून तुम्ही दोघं तिला पूर्ण नावानं हाक मारायची, लाडाचं नाव बंद. दोन-तीन महिन्यांत बसेल. मुलांचं लवकर बसतं. फक्त तेवढे दिवस तिच्या कानावर दुसरं काही...” इथे त्या थांबल्या. “निदान तेवढे दिवस,” त्या म्हणाल्या. मुलगा जमिनीकडे बघत होता. सूनबाई पटकन म्हणाल्या, “नाही, पण बाबांचं ते... त्यांनी एवढे कष्ट घेतलेत, आपण दुसरा काहीतरी मार्ग...” आजोबांनी खुणेनं पाटी मागितली. त्यावर डाव्या हातानं लिहिलं: मी थांबतो. बाईंनी ते वाचलं. त्यांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. तीन महिन्यांत पोरीच्या तोंडी काय बसेल ते, आणि तीन महिन्यांत या तोंडातून काय जाईल ते. आजोबांनाही माहीत होत्या. सगळे निघाले तेव्हा बाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी आजोबांच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवला.

मग घरात ते नाव सुरू झालं. पाच वर्षं अर्जात आणि आजोबांच्या तोंडात दडून बसलेलं नाव आता सकाळपासून घरभर फिरू लागलं. मुलगा ते घेताना पहिल्या अक्षराशी जरा थबकायचा आणि मग उडी मारायचा. सूनबाई पाटीवरचं वाचावं तसं सावकाश, काळजीनं घ्यायच्या. स्वयंपाकघरातून यायचं, बाथरूमच्या दाराशी यायचं, जिन्यातून चपला घालताना यायचं. आपल्या खोलीत बसून आजोबा ऐकायचे. किती देखणं होतं ते. त्यांनी शब्दकोशाच्या पानावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना जसं ऐकू आलं होतं अगदी तसं, आणि ते ऐकताना अभिमान वाटायचा. बायको म्हणायची ते खोटं ठरलं, हाक मारता येत होती. मारता येत नव्हती ती फक्त त्यांना. पहिल्या आठवड्यात एकदा त्यांनी न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, पाण्याच्या आवाजाखाली ते म्हणून पाहिलं, गेलं की काय म्हणून. होतं अजून. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कडी लावली, तर बाहेरून पोरीनं दार वाजवलं, “आजोबा, कुणाशी बोलतोस?” त्यानंतर ते गेले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मनातल्या मनात म्हणताना जीभ हलते का पाहिलं, आणि ती कुठे टेकवायची तेच आठवेना. अंधाऱ्या खोलीत बटण चाचपावं तसं त्यांनी तोंडात चाचपून पाहिलं. सापडलं नाही.

आणि पोर वाट बघू लागली. हे कुणी हिशेबात धरलं नव्हतं. ना बाईंनी, ना मुलानं, ना खुद्द आजोबांनी. आईबाप हाक मारत तेव्हा ती ओ द्यायची, पण दुपारी घरात दोघंच असली की ती गप्प राहून आजोबांच्या मागे उभी राहायची. त्यांना कात्री हवी असायची, ते हात पुढे करायचे. ती द्यायची नाही. “हाक मार ना,” म्हणायची. ते “बाळ” म्हणायचे, ‘ब’ त्यांना चांगला यायचा. “मी बाळ नाहीये,” ती म्हणायची. दाराआड लपायची आणि आतून अर्धा अर्धा तास निघायची नाही, शोधलं म्हणून नव्हे तर हाक मारली म्हणून निघायचं होतं तिला. आजोबा दाराच्या या बाजूला उभे राहायचे, तिच्या फ्रॉकची कड फटीतून दिसायची, आणि त्यांच्या तोंडातून ब्र निघायचा नाही. एकदा कापता कापता डिंक वाळून खोकं फुकट गेलं, तरी ती आली नाही. तिला बाहेर काढायला शेवटी त्यांनी दार नुसतं ढकललं, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. आजोबांना वाटलं, सांगावं पाटीवर लिहून. पण पाच वर्षांच्या पोरीला काय लिहायचं? तुझं नाव माझ्या तोंडात नासलं, म्हणून? तिला अजून धड वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिनं पुढचा प्रश्न विचारला असता. पुढचा प्रश्न विचारायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

तो दिवस असाच, कामाच्या मधला. टेबलावर दोन अर्धवट खोकी, खिडकीतून आलेलं ऊन निम्म्या टेबलावर. पोर समोरच्या स्टुलावर चढून बसली, दोन्ही कोपरं टेकवून. आदल्या दिवशी शाळेतल्या बाईंनी तिला परत बोलावून नाव विचारलं होतं आणि शाबासकी देऊन पाठवलं होतं, हे सूनबाईंनी रात्रीच्या जेवणाला तीन वेळा सांगितलं होतं. पोर आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. पाळण्यात बघायची तशीच, टक लावून. “आजोबा,” ती हळूच म्हणाली, “माझं नाव विसरलास तू?”

नाही म्हणता आलं असतं. नाही हा शब्द त्यांना येत होता, मानही हलत होती. पण नाही म्हटलं की ती म्हणणार, मग मार हाक. मारली तर जी काय अक्षरं उरलीत ती तिच्या कानात जाणार, आणि पोर ती उचलणार, कारण त्यांची कुठलीही गोष्ट ती उचलायची. आणि नाही म्हणून हाक मारली नाही, तर मग कारण काय उरतं? आजोबाला माझं नाव घ्यायचंच नाही, एवढंच कारण उरतं. ते ती आयुष्यभर बरोबर नेईल. विसरणं बरं. म्हातारी माणसं विसरतात, त्याचा कुणाला राग येत नाही. आजोबांनी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मान खाली-वर केली. हो.

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा क्षणभर फार मोठ्या माणसाचा झाला, आणि मग, कोडं सुटावं तसा मोकळा झाला. म्हणजे एवढंच होतं तर. रुसला नव्हता, विसरला होता बिचारा. तिनं स्टूल पुढे ओढलं, त्यांची हनुवटी आपल्या चिकट बोटांनी धरून आपल्याकडे वळवली आणि म्हणाली, “बघ हं इकडे. मी सांगते.” आणि तिनं आपलं नाव घेतलं. पहिलं जोडाक्षर अख्खं, मधला ‘र’ खणखणीत, आणि शेवटी काही नाही. जिथे संपायला हवं तिथे ते संपलं. “आता तू म्हण.”

आजोबांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. नको.

“सोपं आहे रे,” ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी पुन्हा एकदा, सावकाश, सुटं सुटं करून म्हणून दाखवलं.